रिपोर्ट नॉर्मल, मग दुखते कसे?

मराठी माणसाजवळ दुखण्यासाठी शब्दांचा तोटा नाही. डोके ठणकते, दाढ ठसठसते, पाठीत चमक भरते, पायात मोडलेला काटा सलतो, खांद्याला रग लागते, पोटात कळ येते, तळपायांची आग होते. यातल्या एकेका शब्दावरून डॉक्टरला पुष्कळ कळते. ‘आग होते’ म्हणणाऱ्याचा आजार आणि ‘कळ येते’ म्हणणाऱ्याचा आजार सहसा एक नसतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे असे शब्द गोळा केले, त्यांचे गट पाडले आणि १९७५ साली दुखणे मोजण्याची एक प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. आपल्या मुरुम-उमरगा भागातल्या आयाबायांना ती न शिकताच येते म्हणायची!

पण एवढे शब्द असूनही एका प्रकारचे दुखणे आपण ऐकूनच घेत नाही. ते म्हणजे रिपोर्टमध्ये न दिसणारे दुखणे. सोलापूरला जाऊन एक्स-रे झाले, रक्त झाले, कर्ज काढून एमआरआयही झाला. फिल्मांची जाड पिशवी घेऊन रुग्ण दवाखान्यात येतो. कागदावर सगळे ठीक आणि पाठ मात्र सहा महिने दुखतेच आहे. सोबत आलेला नवरा किंवा सासू हळूच सांगते, “डॉक्टर, हिला काही झालेले नाही. कामाच्या वेळेलाच बरे दुखते!” बाई मान खाली घालते. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकलेली, घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसलेली बाई एका कागदामुळे खोटी ठरते.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. जे फिल्मवर उमटत नाही ते दुखणे खोटे असते का? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. आणि हे उत्तर मी केवळ दयेपोटी देत नाही. त्याला शास्त्राचा आधार आहे आणि आता तर गणिताचाही आहे.

तार आणि घंटा

दुखण्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात एक चित्र असते. पायाला चटका बसला, तारेतून निरोप गेला, मेंदूत घंटा वाजली. फ्रेंच विचारवंत देकार्त यांनीही असेच मांडले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोरी ओढली की घंटा वाजते हाच दाखला आहे. या हिशेबाने जितकी जखम तितके दुखणे, आणि जखम नाही तर दुखणे नाही.

अनुभव मात्र वेगळाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. स्वतःला मोठी इजा झालेली असताना ढिगारा उपसत राहिलेल्या आणि उजाडल्यावर कधीतरी दुखू लागलेल्या माणसांच्या हकिकती आपल्या भागात अनेकांनी ऐकल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी जबर जखमी सैनिकांना विचारले, दुखणे कमी करणारे औषध हवे का? चारांतील सुमारे तिघांनी नको म्हटले. ही नोंद १९४६ साली प्रसिद्ध झाली. जखम मोठी, दुखणे थोडे!

याची उलट बाजूही पाहा. ‘मणक्यात गॅप आला’ हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज दिसली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. म्हणजे फिल्मवर झीज आहे आणि दुखणे नाही, असे लाखो लोक आपल्यात हिंडत आहेत. तार आणि घंटा एवढाच मामला असता तर असे झाले नसते.

दारे धरणारा गडी

मग मध्ये काय घडते? उत्तर आपल्या पाठीच्या कण्यात आहे. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जातो. अंगावरून येणारा दुखण्याचा प्रत्येक निरोप आधी तिथे उतरतो. १९६५ साली मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून सांगितले, की मज्जारज्जू म्हणजे नुसती तार नव्हे, तिथे दार आहे. कुठला निरोप मेंदूकडे जाऊ द्यायचा आणि कुठला अडवायचा हे तिथे ठरते.

शेतकरी वाचकांना हे चटकन कळेल. विहिरीचे पाणी पाटाने येते, पण कुठल्या वाफ्यात किती जायचे हे दारे धरणारा गडी ठरवतो. खोऱ्याने एक दार फोडायचे, दुसरे लावायचे. मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या बारीक चेतापेशी हेच काम करतात.

त्यांच्याकडे तीन बाजूंनी सांगावा येतो. बारीक मज्जातंतू दुखण्याचा निरोप आणतात; त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, बैलगाडीसारखा. म्हणून ठेच लागल्यावर आधी झटकन कळ येते आणि खोल ठणका मागाहून पोचतो. जाड मज्जातंतू स्पर्शाचा, दाबाचा निरोप आणतात. त्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. हा निरोप आला की दार थोडे लागते. लेकराचे डोके दाराला आपटले की आई आधी चोळते, फुंकर घालते. ती माया तर आहेच, पण ते शास्त्रही आहे! तिसरा सांगावा वरून, मेंदूकडून येतो. भीती, काळजी, जागरण यांनी दार उघडे राहते. धीर, झोप, कामात गुंतलेले मन यांनी ते लागते. ढिगारा उपसणाऱ्या माणसाचे दार मेंदूने त्या घटकेपुरते घट्ट लावून घेतले होते.

१९६५ च्या त्या मांडणीतला सगळाच तपशील पुढे टिकला नाही. पण मज्जारज्जूत निवाडा होतो, ही मुख्य गोष्ट मात्र पक्की झाली.

दुखण्याचा जमाखर्च

आता गणिताकडे वळू. वाचकहो, घाबरू नका. येथे समीकरणे देणार नाही!

एकेका चेतापेशीला खाते समजा. काही निरोप तिच्या खात्यात जमा होतात, काही नावे पडतात. शिल्लक ठरावीक रकमेवर गेली की ती पुढे निरोप धाडते, नाहीतर गप्प बसते. अशा पुष्कळ खात्यांचा क्षणाक्षणाचा हिशेब कॉम्प्युटरवर मांडणे, याला शास्त्रज्ञ मॉडेल म्हणतात.

याचा पाया इंग्लंडच्या हॉजकिन आणि हक्सले यांनी घातला. माकुळासारख्या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूत सोडियम आणि पोटॅशियमचे कण सूक्ष्म छिद्रांतून कसे आत-बाहेर करतात, हे त्यांनी मोजले आणि १९५२ साली त्याचे गणित मांडले. केंब्रिजचा कॉम्प्युटर त्या वेळी बंद होता, म्हणून हक्सले यांनी हँडल फिरवायच्या गणकयंत्रावर ती आकडेमोड केली. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दात काढताना सुन्न करायचे जे इंजेक्शन आपण घेतो, ते त्या सोडियमच्या छिद्रांनाच बूच लावते.

पुढे १९८९ साली इंग्लंडच्या ब्रिटन आणि स्केव्हिंग्टन यांनी मेलझॅक-वॉल यांच्या दाराचे गणिती मॉडेल प्रसिद्ध केले. बारीक तंतू, जाड तंतू आणि मेंदूचा हुकूम, तिन्ही त्या हिशेबात धरलेले होते.

हे सगळे परदेशातच चालते असे समजू नका. आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत प्रा. रोहित मनचंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाकडून मज्जारज्जूकडे दुखण्याचा निरोप नेणाऱ्या लहान चेतापेशीचे सविस्तर मॉडेल तयार केले. ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. या पेशी मज्जारज्जूला लागूनच असलेल्या गाठीत असतात. एवढ्याशा पेशीच्या आवरणावर कणांची ने-आण करणाऱ्या डझनाहून अधिक यंत्रणा आहेत. त्यातली एक थोडी बदलली तर पेशी किती वेळा निरोप धाडील, हे कॉम्प्युटरवर पाहता येते. लघवीला वारंवार जळजळ होते, मात्र तपासणीत जंतू सापडत नाही, अशा बाया प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीच्या आहेत. निरोप नेणारी पेशीच हळवी झाली तर काय होईल, हा प्रश्न आपल्या मराठी मुलखातही गणिताने विचारला जात आहे, याचे मला समाधान वाटते.

या हिशेबाचा आपल्याला उपयोग काय, असे कुणी विचारील. माझ्या मते मोठा उपयोग आहे. बाहेरची जखम तीच ठेवा आणि दाराजवळचा एखादा आकडा थोडा बदला. वर जाणारे निरोप कमी-जास्त होतात. कॉम्प्युटर नाटक करत नाही. त्याला सासू नाही आणि कामाचा कंटाळाही नाही! तरीही ‘जखम तेवढीच, निरोप मात्र जास्त’ हे उत्तर तो देतो. मग हाडामांसाच्या माणसालाच आपण खोटे का ठरवावे?

दार बिघडते तेव्हा

एकाच दारावरून पाणी सतत जोरात वाहू दिले तर बांध खचतो. पुढे पाणी थोडे आले तरी वाफा भरून वाहतो. मज्जारज्जूचेही असेच होते. बारीक तंतूंतून तोच निरोप लागोपाठ येत राहिला तर मज्जारज्जूतील पेशी दरवेळी वाढते उत्तर देऊ लागतात, हे १९६० च्या दशकातच दिसून आले होते. दुखापतीनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होऊन बसतो, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यानंतर मूळ जखम भरली तरी दुखणे उरू शकते.

याहूनही चमत्कारिक गोष्ट कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००३ साली उंदरांमध्येच दाखवली. नस दुखावल्यानंतर मज्जारज्जूतील काही पेशींमध्ये क्षारांचा तोल असा बिघडतो, की दार लावण्याचा हुकूम दार उघडण्याचा होऊन बसतो. म्हणजे ज्याला राखणीला ठेवले तोच गडी बांध फोडू लागला! नागीण बरी होऊन महिने उलटले तरी काही म्हाताऱ्या माणसांना त्या जागी सदऱ्याचा नुसता स्पर्श सहन होत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला रात्री तळपायांवर चादर नकोशी होते. बाहेरून कातडी चांगली दिसते. अशी माणसे काय सोंग करतात?

मग औषध कुठले?

दार बिघडलेले आणि आपण सूज उतरवायच्या गोळ्या घेत बसलो तर गुण कसा येणार? ‘डॉक्टर, एक इंजेक्शन ठोकाच’ हा आग्रह आपल्या भागात फार. डायक्लोफिनॅकसारखी औषधे ताज्या दुखापतीला चार दिवस उत्तम. पण महिनोन् महिने, मनाने, दुकानातून घेतली तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. आपल्याकडची गिधाडे कशाने संपली हे आठवून पाहा. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ साली कळले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. माणसासाठी ते चालू आहे. म्हणून जपून वापरायचे.

नसेच्या जुनाट दुखण्यासाठी डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन तर कधी प्रीगाबालिन लिहून देतात. पैकी पहिले उदासीनतेवरही वापरतात, दुसरे फिट्सवरही. दुकानदार तसे सांगतो आणि रुग्ण रागाने गोळ्या फेकून देतो, ‘मला वेड्याच्या गोळ्या दिल्या!’ वाचकहो, तसे नाही. पहिले औषध मेंदूकडून येणारा दार लावण्याचा हुकूम बळकट करते, दुसरे मज्जारज्जूत निरोपाची देवाणघेवाण कमी करते. त्या गोळ्या दाराच्या आहेत, वेडाच्या नव्हेत. मात्र त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्याव्यात आणि एकदम बंद करू नयेत.

चालणे, हळूहळू वाढवलेला व्यायाम, पुरेशी झोप, धीर देणारी सोबत हे दार लावणारे खरे उपाय आहेत. फिजिओथेरपीत वापरतात ते विजेच्या हलक्या झिणझिण्यांचे ‘टेन्स’ यंत्र याच विचारातून आले. शेकणे, तेलाने हलके चोळणे यांतही चूक नाही. मधुमेह्यांनी मात्र तळपाय शेकू नयेत. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही. बिब्बा घालणे आणि डाग देणे हे प्रकार बंदच करा. मोठे दुखणे दिले की लहान काही वेळ विसरते, म्हणून त्यांनी तात्पुरता आराम पडल्यासारखा वाटतो. नंतर उरते ती चिघळलेली जखम.

आणखी एक. प्रत्येक पाठदुखी दाराचीच असते असेही नाही. दुखण्यासोबत ताप, घटणारे वजन, पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. तपासण्या अशा वेळी करायच्या असतात. दुखणे खरे की खोटे हे ठरवायला नव्हे.

विचारल्याशिवाय कळत नाही

गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. मॉडेल किती निरोप वर गेले ते मोजील, पण ठणका कसा असतो हे त्याला ठाऊक नाही. मज्जारज्जूतील लाखो पेशींचा पूर्ण हिशेब अजून कुणालाही मांडता आलेला नाही, आणि या हिशेबातून उद्याच नवी गोळी हाती येईल अशी आशाही मी दाखवणार नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. चेतापेशींची हालचाल ही एक गोष्ट आणि वेदना ही दुसरी, असे तिने सोबतच्या टिपणात बजावले आहे. आणि ‘मला दुखते’ असे सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही म्हटले आहे. म्हणजे इतक्या यंत्रांनंतरही शेवटचा पुरावा रुग्णाचा शब्दच आहे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली सरकारकडे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस केवळ जुनाट दुखण्यासाठी ठेवावा आणि तिथे फिजिओथेरपिस्ट असावा. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून दर वेळी सोलापूर-लातूर गाठणे गरिबाला परवडत नाही, आणि मग तो इंजेक्शनवर दिवस काढतो. दुसरी मागणी घराघरांतल्या माणसांकडे आहे, आणि तिला पैसा लागत नाही. ‘हिला काही झालेले नाही’ हे वाक्य सोडून द्या. त्या वाक्याने काळजी वाढते, झोप उडते, आणि आपण वर पाहिलेच आहे की काळजीने आणि जागरणाने दार आणखी उघडते. घरच्यांचा अविश्वास हा दुखणे वाढवणारा पदार्थ आहे, असे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

त्याऐवजी एवढेच विचारा : कुठे दुखते, कसे दुखते, केव्हा वाढते? ठणकते, सलते की आग होते? तिने सांगितलेला शब्द तसाच लक्षात ठेवा आणि डॉक्टरला सांगा. फिल्मांच्या पिशवीआधी मला तो शब्द ऐकायला आवडेल.